‘ॲट द रेट’ आणि इतर निनावी चिन्हे

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजारात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानात परवा बसलो होतो. एक मावशी कागदावरून मुलाचा ईमेल पत्ता वाचून दाखवत होत्या आणि घरी कन्नड, पण गिऱ्हाइकाशी मराठी बोलणारा तरुण तो ऐकून टाइप करत होता. ‘नावाच्या पुढं खाली एक रेघ हाय, मग त्यो गोलातला ए,’ असे मावशी म्हणाल्या. ‘खाली’ हा शब्द गोंगाटात हरवला, तरुणाने मधली आडवी रेघ टाकली आणि छापील प्रत हातात आल्यावर चूक कळली. मावशींनी केलेले वर्णन अचूक होते. परंतु वर्णनातला एक शब्द गळला की वस्तूच बदलते; नावाचे तसे होत नाही. म्हणून कळफलकावरच्या या चिन्हांना मराठी नावे हवीत, असे मला मनापासून वाटते.

आधी @ घेऊ. ‘ॲट द रेट’ हे मूळचे हिशेबातले वाचन आहे. अमुक इतकी पोती, अमुक दराने, असे बिलात लिहिताना ते चिन्ह वापरत, आणि बेळगावच्या रविवार पेठेतल्या पेढीवर त्याचे मराठी ‘दर’ किंवा ‘प्रमाणे’ असे होणे रास्तच होते. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी संगणकावरील निरोपात माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव वेगळे करण्यासाठी हेच चिन्ह निवडले, तेव्हा त्यातला दर संपला. आपण मात्र पत्ता सांगताना अजूनही दर सांगतो. त्यामुळे अर्थाचे भाषांतर करून येथे शब्द मिळणार नाही, तो आकारातूनच काढावा लागेल. इतरांनी तेच केले आहे. इटालियन माणूस या चिन्हाला गोगलगाय म्हणतो, डच माकडाची शेपटी म्हणतो, आणि चेक भाषेत ते मुरवलेल्या माशाची गुंडाळी आहे.

आकारावरून नाव देणे मराठीला नवे नाही. वेलीसारखी वळते ती वेलांटी, आणि पोटात तिरकी रेघ असलेला तो पोटफोड्या ष. पोथीत गाळलेला मजकूर जिथे घालायचा तिथे काढलेल्या खुणेला आपल्या लेखकांनी हंसपद, काकपद अशी पक्ष्यांच्या पावलांची नावे दिली. कळफलकावरील ^ हे चिन्ह त्याच आकाराचे आहे, म्हणून त्याला नवे नाव शोधण्याची गरज नाही.

@ साठी ‘वेटोळे’ हा शब्द मी बराच काळ मनात घोळवला, पण त्याबरोबर साप डोळ्यांसमोर येतो आणि फोनवर सांगायला तो लांबही पडतो. माझे मत ‘चकली’ला आहे. मधला ए आणि त्याभोवती फिरलेला वेढा पाहिला की साच्यातून नुकतीच पडलेली चकली आठवते. शिवाय कन्नडमध्ये तिला चक्कुली म्हणतात, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंना शब्द कळतो. आपल्या भागात ही सोय लहान नाही. अडकित्ता आणि तूप हे शब्द आपण कन्नडमधून घेतले तेही रोजच्या व्यवहारातच.

# या चिन्हाला मी ‘चौफुली’ म्हणेन. दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा एकमेकींना छेदतात तेव्हा नेमक्या चार फुल्या पडतात. चौफुली म्हणजे चार रस्ते मिळतात ती जागा हा अर्थ महाराष्ट्रात रूढ आहे खरा. पण बेळगावात आपण चन्नम्मा सर्कल म्हणतो, चौफुली म्हणत नाही, त्यामुळे निदान येथे तरी शब्द मोकळा आहे.

* या चिन्हाची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण त्याला नाव आधीच मिळालेले आहे आणि आपण ते वापरत नाही. मुंबईच्या विधानसभेत ज्या प्रश्नाला ही खूण असते तो ‘तारांकित प्रश्न’ होतो. आपल्या बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते तेव्हा त्याच प्रश्नाला ‘चुक्के गुरुतिन प्रश्ने’ म्हणतात. चुक्के म्हणजे ठिपका आणि चांदणीही. दोन्ही सभागृहांना ती खूण आकाशातलीच वाटली. पहाणीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यात सर्व्हे नंबर आणि हिस्सा यांच्या मधल्या रकान्यात बहुतेक वेळा हेच चिन्ह छापलेले असते आणि आपण ते ‘स्टार’ असे वाचतो. तेथे ‘चांदणी’ म्हणावे. शेतकऱ्याला ते शिकवावे लागणार नाही.

तिरक्या रेघेसाठी ‘छेद’ पुरेसा आहे, कारण अपूर्णांक वाचताना आपण ‘तीन छेद चार’ म्हणतोच. ‘सातबारा’ या शब्दात तर ती रेघ उच्चारातून पूर्ण गळाली आहे.

राहिली मावशींची खालची रेघ ( _ ). देवनागरीत अक्षरांच्या माथ्यावर शिरोरेघ असते, म्हणून तळाशी असलेलीला ‘तळरेघ’ म्हणावे असे मी सुचवतो. ‘पायरेघ’ही चालेल, पण दुकानातल्या गोंगाटात ‘पाय’ आणि ‘बाय’ सारखेच ऐकू येतील अशी मला भीती वाटते. निपाणी, चिकोडी किंवा हलियाळकडे या रेघेला आधीच काही म्हणत असतील, तर तो शब्द कृपया येथे नोंदवावा. माझ्या शब्दापेक्षा तोच स्वीकारणे मला अधिक योग्य वाटेल.