नववीची ७२ मुलं, दोन दिवस, राजमाची: रानातली कौशल्यं कशी शिकवावीत?

पाटीपेन्सिल
डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नववीची ७२ मुलं-मुली घेऊन राजमाची किल्ल्यावर जातोय. आम्ही शिक्षक सहा, मुक्काम गडाखालच्या उधेवाडी गावात. चूल पेटवणं, गाठी, दिशा ओळखणं हे शिकवायचं आहे. गेल्या वर्षी दुसरीकडे नेलं तेव्हा एक जण दाखवत होता आणि मागची मुलं नुसती उभी. यंदा प्रत्येकाच्या हातून काहीतरी घडावं असं फार वाटतं.

रानवाट
लोणावळ्याकडून न्या. वाट लांब आहे, पण चढ फारसा नाही. कर्जतकडच्या कोंडिवड्याच्या चढावर एवढ्या मुलांची रांग तुटते.

कारवी
ताई, वीस वर्षं शिबिरं घेतेय, म्हणून मोकळेपणाने सांगते. गाठींच्या आधी हरवल्यावर काय करायचं ते शिकवा. माझ्या एका शिबिरात आठवीतला मुलगा बुटाची नाडी बांधायला थांबला, रांग पुढे गेली. आमच्या हाका ऐकून तो आवाजाच्या रोखाने कारवीच्या झुडपांत घुसला, पण हाक समोरच्या कड्यावरून फिरून येत होती. पावणेदोन तासांनी सापडला, वाटेपासून जेमतेम दोनशे पावलांवर. रांगेच्या शेवटी मोठं माणूस ठेवलं नव्हतं, ती चूक माझी. तेव्हापासून प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असते. चुकलास की आहेस तिथेच बस, तीन शिट्ट्या मार, थांब, परत तीन. पहिल्या दुपारी हे करूनच घ्या: दोघादोघांना शिट्टीच्या टप्प्यात बसवा, पंधरा मिनिटं, गप्प.

बाकी १२-१२ चे सहा गट. शिक्षक आपल्या गटाबरोबरच राहतील, शिकवायला वेगळी माणसं घ्या. प्रत्येकाला दोन मीटर दोरी द्या. बोलाइन (न आवळणारा फास) आणि क्लोव्ह हिच (खांबाला दोरी बांधायची गाठ) एवढ्या दोनच गाठी, पण त्या वापरून मुलांनी ताडपत्री ताणून दाखवली पाहिजे.

चूल गावातल्या अंगणातच. डिसेंबरपर्यंत डोंगरावरचं गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीने वणवा लागतो. तिघांत एक चूल, तीन आगकाड्या, शेजारी पाण्याची बादली. सरपण गावातूनच विकत घ्या. शिकवायला घरातल्या मावशींनाच बोलवा, ओलसर काटक्या त्यांच्यासारख्या कुणी पेटवत नाही.

रात्री ध्रुवतारा दाखवाल तर सप्तर्षी शोधत बसू नका, डिसेंबरात ते मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतात. संध्याकाळी उत्तरेला शर्मिष्ठा तारकासमूहाचा इंग्रजी एम दिसतो, त्यावरून जा. हात ताणून मूठ धरली की साधारण दहा अंश. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जवळजवळ दोन मुठी वर. मुलं हे विसरत नाहीत.

स्टेथो
मी डॉक्टर आहे. अंधारात टॉर्चशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही, घोणस आणि फुरसं दोन्ही सह्याद्रीत आहेत. दंश झालाच तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. अंगठी, कडं काढा, हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा. प्रतिविष कुठल्या सरकारी रुग्णालयात आहे ते निघण्याआधीच विचारून ठेवा. आणि कड्यांवर आग्या मोहोळं असतात, त्यामुळे गडावर धूर, अत्तर, आरडाओरडा नको.

पाटीपेन्सिल
मनापासून आभार. कारवीताई, रांगेच्या शेवटी मीच चालेन. ७२ शिट्ट्या आजच सांगते आणायला. एकच विचारते: पंधरा मिनिटं बसवताना एखादं मूल घाबरून रडलं तर?

कारवी
दर वेळी एखादं रडतंच. तुम्ही त्याला दिसाल अशा बेताने बसा, पण लगेच उठून जाऊ नका. शिट्टी वाजली की मात्र तुमची शिट्टी ताबडतोब ऐकू आली पाहिजे.