मदत हवी आहे: पाहुण्यांसाठी घराची माहितीपुस्तिका (तातडीचं)

केतकीबन (सोमवार, रात्री ११:१०)

नमस्कार मंडळी,

गावचं घर सुट्टीसाठी भाड्याने द्यायला लागून वर्ष झालं. पाहुणे चांगले येतात. वैताग आहे तो फोनचा. शनिवारी दुपारी मी पुण्यात जेवायला बसले की तिकडून सुरू: "मॅडम, गीझरचं बटण कुठलं?" मागच्या शनिवारी मोजले, सतरा फोन. त्यातले सहा पाण्याचे.

म्हणून घरात माहितीपुस्तिका ठेवायची ठरवली. नेटवरचे नमुने पाहिले, सगळे "आपले हार्दिक स्वागत, आठवणींचा ठेवा" छापाचे. चार रात्री जागून बावीस पानं टाइप केलीत आणि आता ती मलाच वाचवत नाहीत. काय ठेवू, काय काढू? कुणी केली आहे का अशी? गुरुवारी छापायला टाकायची आहे, शुक्रवारी दोन कुटुंबं येतायत. कृपया लवकर सांगा.

चिरेबंदी

घर कुठे? खोल्या किती? स्वयंपाकघर वापरायला देता की जेवण तुमच्याकडून? वीज-पाण्याची काय सोय? देखभालीला कोणी आहे का? यातलं काहीच न सांगता काय काढायचं ते आम्ही कसं सांगणार?

केतकीबन

मुरुडला. तीन खोल्या, स्वयंपाकघर देतो. बाकी नेहमीसारखंच.

नाखवा_नाना

मुरुड! वा वा. मग पहिलं पान जंजिऱ्याचंच करा. राजपुरीच्या जेट्टीवरून शिडाच्या होड्या सुटतात. सकाळी लवकर गाठायला सांगा, नंतर रांग लागते आणि ऊन असं की किल्ल्यात डोकं तापतं. कलालबांगडी तोफेचा फोटो टाका. समोरचा पद्मदुर्ग दुर्लक्षित आहे, त्यावर अर्धं पान हवंच. काशिदलाही लोक जातात, पण तिथली गर्दी बघून मी हल्ली...

केतकीबन

अहो नाना, दापोलीचं मुरुड! हर्णैच्या अलीकडचं. रत्नागिरी जिल्हा.

पोफळ

हाहाहा. आणि तुम्ही विचारताय की फोन का येतात.

केतकीबन

हसा. मे महिन्यात एक कुटुंब खरंच तिकडच्या मुरुडला पोचलं होतं. नकाशात नुसतं मुरुड टाकलं आणि निघाले. मग आगरदांडा-दिघी फेरीबोट, पुढे बागमांडला-वेश्वी फेरीबोट असं करत आमच्याकडे रात्री आले. मुलं खूश होती, दोनदा बोटीत बसायला मिळालं. वडील माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

चिरेबंदी

मग हे पुस्तिकेत लिहून काय उपयोग? पुस्तिका घरात, माणूस राजपुरीत. रस्त्याची माहिती बुकिंग झाल्याझाल्या व्हॉट्सअॅपवर जायला हवी: "मुरुड, तालुका दापोली", नकाशाची खूण आणि शेवटच्या वळणाचा फोटो. पुस्तिकेतलं ते पान काढ. झालं, एकवीस उरली.

बिनतारी

आजच्या काळात कागद कोण वाचतं? क्यूआर कोड लावा. दाराशी एक, फ्रिजवर एक. स्कॅन केलं की सगळं मोबाइलवर, व्हिडिओसकट. मी माझ्या लोणावळ्याच्या फ्लॅटला केलंय, महिन्यात एखादा फोन येतो. छपाईचा खर्च शून्य, बदल करायचा तर घरी बसून.

पोफळ

लोणावळ्याला रेंज असते हो. कोकणात लाइट गेली की राउटर गेला, आणि मोबाइलचं एक कांडं बघायला गच्चीवर जावं लागतं. कोड स्कॅन करून काय गोल गोल फिरणारं चक्र बघायचं? ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या पडल्या होत्या आणि फोन कित्येक दिवस मुके. त्या दिवसांत घरात उपयोगी पडला तो आजोबांनी दाराच्या आत खडूने लिहिलेला डॉक्टरांचा नंबर. म्हणजे नंबर दिसला, फोन लागत नव्हता, पण डॉक्टर कुठल्या आळीत राहतात तेही लिहिलं होतं!

बिनतारी

रोज वादळ येतं का?

पोफळ

लाइट रोज जाते.

गोडं_वरण

त्याआधी एक मूलभूत प्रश्न. पर्यटन खात्याच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी केली आहे का? ग्रामपंचायतीला कळवलंय का? पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती ठेवता का? परदेशी नागरिक उतरला तर चोवीस तासांत ऑनलाइन कळवावं लागतं, हे किती जणांना माहीत असतं? शिवाय घर वडिलोपार्जित असेल तर सातबाऱ्यावर जितकी नावं आहेत तितक्यांची संमती...

केतकीबन

नोंदणी आहे. सातबाऱ्याबद्दल विचारलं नव्हतं. आणि त्यावर बोलायला घरात माणसं आहेत, खूप आहेत.

चिरेबंदी (मंगळवार, सकाळी)

आता सविस्तर लिहिते. आमचं घर केळशीला आहे, चार वर्षं पाहुणे घेतोय. पहिल्या वर्षी मीही स्पायरलवाली रंगीत वही केली होती, मुखपृष्ठावर जास्वंद. ती आज जेवणाच्या टेबलाच्या पायाखाली आहे. पाहुण्यांनीच ठेवली. टेबल डुगडुगत होतं, त्यांचं काही चुकलं नाही.

अंगाला साबण लावलेला असताना पाणी गेलं तर माणूस वही उघडत नाही, ओरडतो. म्हणून मोटरच्या बटणाखाली मी लाल ऑइलपेंटने लिहिलंय: "मोटर. २० मिनिटं. मग बंद." हे सुचलं कसं, तर एका एप्रिलमध्ये एका गृहस्थांनी रात्री नऊला मोटर लावली आणि झोपले. टाकी भरली, वाहिली, विहिरीला उन्हाळ्यात पाणी ते किती, ती तळाला गेली आणि मोटर कोरडी फिरत राहिली. पहाटे जळका वास. रिवाइंडिंगला दापोलीला नेली, दोन दिवस गेले, पुढचं बुकिंग रद्द. ते गृहस्थ म्हणाले, "आमच्या सोसायटीत आपोआप बंद होते." खरंच होत असेल.

तसंच गीझरचं. बटणं पाच, त्यातलं एक गीझरचं, तर त्या एकावर चिकटपट्टी. गॅसचा कॉक, इन्व्हर्टरवर चालणारे पॉइंट (आमच्याकडे हिरवा ठिपका), सगळ्यांची चिठ्ठी जागच्या जागी. आणि संडासात हवीच: सॅनिटरी पॅड, डायपर, ओले टिश्यू आत टाकू नका, सेप्टिक टँक आहे, शहरातलं गटार नाही. हे गोड शब्दांत लिहायचा प्रयत्न करू नकोस.

आता सांग, ते पाण्याचे सहा फोन नक्की कशाचे होते?

केतकीबन

"पाणी संपलं" याचेच. टाकी पाचशे लिटरची आहे. माणसं आठ-दहा असतात.

चिरेबंदी

अगं मग टाकी मोठी बसव! त्यावर कसली पुस्तिका?

पोफळ

+१. पाचशे लिटरमध्ये समुद्रावरून आलेली दहा माणसं वाळू धुणार, म्हणजे झालंच. पडवीबाहेर एक नळ आणि दगड ठेवा पाय धुवायला, निम्मं पाणी वाचेल.

सांजवात

वाचतेय. आमचंही आंजर्ल्याला सुरू करायचं चाललंय. एक भर: गाडी माडाखाली लावू नका, हे लिहाच.

पोफळ

लिहून काही होत नाही. सावली दिसली की गाडी तिथेच जाते. आम्ही त्या जागेवर मोडकं जातं आणून ठेवलंय. तेव्हापासून एकाही काचेवर नारळ पडलेला नाही.

नाखवा_नाना

काल चुकलो, पण आता मुरुडच म्हणताय तर खरं महत्त्वाचं पान सांगतो. भरती-ओहोटी. तुमच्या मुरुड-कर्द्याची पुळण लांबलचक आणि सपाट, त्यामुळे लोक गाड्या थेट वाळूत घालतात. मग चाक रुततं, पाणी चढतं आणि ट्रॅक्टर बोलवावा लागतो. हे पाहुण्यांना आल्याआल्या कळलं पाहिजे.

वेळ काढायची जुनी युक्ती: तिथीची पाऊणपट. आज पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती, त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे धरायचा.

बिनतारी

नाना, हल्लीच्या कुणाला तिथी माहीत असते? आणि पाऊणकी? मोबाइलवर मिनिटासकट वेळ दिसते.

नाखवा_नाना

भिंतीवर कालनिर्णय टांगायचं, त्यात तिथी असते. पाऊणकी येत नसेल तर तीनाने गुणून चाराने भागा, ते तरी येतं ना? आमच्याकडे मुंबईची एक मुलगी आली होती, सातवीतली. तिला हे सांगितलं तर चार दिवस रोज आकडा काढून समुद्रावर घड्याळ घेऊन उभी. निघताना म्हणाली, आजोबा, आज वीस मिनिटं चुकलं. मोबाइल बघून कुणी असं उभं राहतं का?

सांजवात

हे मी ढापणार नाना. माझ्या पहिल्या पानावर.

अवलक्षण

बावीस पानांत विंचू-सापाचं काही आहे का? असेल तर काढा. आमच्या एका ओळखीच्यांनी "साप दिसल्यास" असं पान ठेवलं होतं, पाहुण्यांनी ते वाचलं आणि रात्री गाडीतच झोपले.

चिरेबंदी

अजिबात काढू नकोस. फुरसं आणि लाल विंचू दोन्ही आपल्याकडे आहेत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून माणसं वाचवली, ती आपल्याच भागातली. घाबरवायचं नाही, चार ओळी पुरेत: बूट झटकून घाला, रात्री अंगणात बॅटरी घेऊन जा, चावलं तर बांधू नका, कापू नका, चोखू नका, मांत्रिक नको, थेट दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय. १०८ आणि ११२ मोठ्या अक्षरांत.

अवलक्षण

बांधायचं नाही? आम्ही तर शाळेत शिकलो होतो...

चिरेबंदी

शाळेत चुकीचं शिकवलं. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे नको.

केतकीबन (मंगळवार, रात्री)

खूप आभार सगळ्यांचे. आता बाकीची पानं सांगते: घराचा इतिहास ३ पानं, आजोबांबद्दल २, गावाची ओळख ४ (महर्षी कर्व्यांचं जन्मगाव वगैरे), बघण्यासारखं ६, नियम ३, उरलेली किरकोळ.

पोफळ

जन्मगाव नव्हे. कर्व्यांचा जन्म १८५८चा, खेड तालुक्यातल्या शेरवलीला. मुरुड हे त्यांचं गाव, वाढले तिथे. छापायच्या आधी सुधारा, नाहीतर पाहुण्यांत एखादा माझ्यासारखा निघेल.

सांजवात

हर्णैचा मासळी लिलाव लिहिताना तेही लिहा की १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. लोक जुलैत येतात आणि ताजी सुरमई मागतात.

चिरेबंदी

आणि पहिल्याच दिवशी विचारलेलं अजून सांगितलं नाहीस. देखभालीला कोण आहे?

केतकीबन

काका आहेत ना. शेजारीच राहतात, गडग्यापलीकडे. वहिनी सांगितलं तर जेवणही करून देतात.

पोफळ

शेजारी??? मग सतरा फोन पुण्याला का?

केतकीबन

काकांचा नंबर देत नाही मी. त्यांनीच नको सांगितलंय. एकदा रात्री बाराला कुणीतरी बर्फ मागितला होता.

चिरेबंदी

बरोबर आहे त्यांचं. त्यांना महिन्याचं काय देतेस?

केतकीबन

झाडलोट आणि बागेचे देतो. शिवाय दिवाळीला वेगळे.

चिरेबंदी

म्हणजे पाहुण्यांचं बघण्याचे काहीच नाही. त्यांच्याशी नीट बोल. प्रत्येक बुकिंगमागे ठरावीक रक्कम दे आणि वेळ लिही: सकाळी आठ ते रात्री आठ काका, त्यानंतर फक्त आजारपण आणि आग. बर्फाची सोय फ्रिजमध्ये.

केतकीबन (बुधवार, दुपारी)

काकांशी बोलले. हो म्हणाले, फक्त माडावर चढलेले असताना फोन उचलणार नाहीत, तेवढं लिहायला सांगितलंय. बावीसची दोन पानं केली. आजोबांचा फोटो ओटीवर लावतेय, कुणी विचारलं तर काका सांगतील. हे पहिलं पान, बघा:

"काका शेजारच्या घरात आहेत. सकाळी ८ ते रात्री ८. फोन उचलला नाही तर ते माडावर आहेत, अर्ध्या तासाने करा.
पाणी गेलं तर मोटर लावा, २० मिनिटांनी बंद करा. गजर लावून ठेवा.
लाइट गेली तर हिरव्या ठिपक्याचे दिवे-पंखे चालतील. गीझर, फ्रिज चालणार नाहीत.
गाडी वाळूत नेऊ नका. भरतीची वेळ: तिथी गुणिले तीन, भागिले चार. कालनिर्णय दाराजवळ आहे.
वानर येतात. स्वयंपाकघराची खिडकी लावा, केळी बाहेर ठेवू नका.
आजारपण: १०८. इतर संकट: ११२. दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय, रस्ता मागच्या पानावर."

नाखवा_नाना

झकास. जंजिऱ्याचं अर्धं पान अजूनही बसेल.

चिरेबंदी

छान झालंय. पण मोटरचं बटण कुठे आहे ते कुठे लिहिलंय?

केतकीबन

ते दिसतंच की. मागच्या पडवीत, दाराजवळ.

चिरेबंदी

दाराजवळ म्हणजे?

केतकीबन

दाराच्या मागे. दार उघडं असलं की झाकलं जातं. आणि ते दार आम्ही दिवसभर उघडंच ठेवतो... थांबा, काकांना फोन लावते, रंग आहे का बघू दे.