लक्ष्मी रस्ता कायमचाच चालणाऱ्यांना द्यावा का?

पेठेतला_पायी
२०२१ पासून दर ११ डिसेंबरला पुणे महापालिका पादचारी दिन करते आणि लक्ष्मी रस्त्याचा गरुड गणपतीपर्यंतचा टप्पा गाड्यांना बंद असतो. एरवी आईला रस्ता ओलांडायचा तर मी हात आडवा धरून रिक्षांपुढे उभा राहतो. त्या दिवशी ती पिशवी हलवत पुढे आणि मी मागे! हे वर्षातून एकदाच का? सप्टेंबर २०२४ पासून मंडईला मेट्रो आहे. गाडी दुकानाच्या दारातच लावायचा हट्ट कशाला?

गल्ला_आणि_गिऱ्हाईक
आमचं कापडाचं दुकान आहे. त्या दिवशी गर्दी होते, पण सेल्फी काढून, भेळ खाऊन जाते. लग्नाचा बस्ता बांधायला बारामतीहून दोन गाड्या भरून माणसं येतात, त्यात गुडघे धरलेली आजी. मानपानाच्या साड्यांची गाठोडी मंडईच्या वाहनतळापर्यंत कोण वाहणार? पुढच्या वेळी ते हायवेवरच्या शोरूमला जातील. आणि आमच्या मालाचा टेम्पो?

पेठेतला_पायी
टेम्पो सकाळी दहाच्या आत. दुपारी एक ते चार तर गिऱ्हाईक पायी येवो नाहीतर विमानाने, दार बंदच.

गल्ला_आणि_गिऱ्हाईक
हा विनोद शिळा झाला. डबा काउंटरमागेच खातो आम्ही.

बोळातली_सून
गाड्या बंद होत नाहीत हो, आमच्या बोळात येतात. गेल्या खेपेला वाड्याच्या दिंडी दरवाजासमोर तीन स्कूटर आडव्या, हँडल लॉक. सासऱ्यांना डायलिसिसला न्यायचं होतं. शेवटी मी आणि शेजारच्या काकूंनी त्या उचलून सरकवल्या.

फुटपाथ_शोधक
जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ ऐसपैस केले, चालायला खरंच मजा येते. पण मागून हॉर्न वाजतो, कारण दुचाकीवाल्यांनाही तिथे मजा येते! खांब रोवले की व्हीलचेअर अडते. भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकांत फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा हवा, उंची १५० मिमीच्या आत. आमच्या गल्लीत फुटपाथच्या मधोमध विजेची डीपी पेटी, आणि दर गेटला उतरा-चढा. म्हातारी माणसं मुकाट रस्त्यावरून चालतात. आधी हे करा, मग रस्ता बंद करून चालण्याचा प्लाझा.

पेठेतला_पायी
आधी-मग करत बसलो तर दोन्ही राहील. निदान दर रविवारी?

गल्ला_आणि_गिऱ्हाईक
रविवारीच तर बस्ते! बुधवार घ्या, आणि वाहनतळापासून आज्यांसाठी बॅटरीची गाडी. मग मी सही करतो.

बोळातली_सून
आणि बोळाच्या तोंडाशी दोरी. हवालदारासकट.