नेम खाली धरायचा असतो, मग रमाबाई नगरात काय झालं?

पंतनगरकर (धागा सुरू करणारा)

11 जुलै 1997, शुक्रवार. मी आठवीत. बाबा सकाळी दूध आणायला गेले ते रिकामी पिशवी घेऊनच परतले. "शाळा नाही आज. हायवेला गोळ्या चालल्यात."

घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पहाटे बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला आणि लोक हायवेवर उतरले. एसआरपीची (राज्य राखीव पोलिसांची) तुकडी आली. 10 जण गेले, 26 जखमी झाले. हायवेपासून आत, गल्लीत असलेल्यांनाही गोळ्या लागल्या.

जमाव पांगवायला गोळी चालवायचीच वेळ आली तर आधी इशारा द्या, नेम खाली धरा, हे प्रत्येक पोलिसाला शिकवलेलं असतं. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरवला. हुकूम देणारे उपनिरीक्षक मनोहर कदम यांना सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप झाली ती मे 2009 मध्ये. बारा वर्षांनी! त्यानंतर थोड्याच दिवसांत उच्च न्यायालयाकडून शिक्षेला स्थगिती आणि जामीन.

माझं म्हणणं एवढंच की पोलिसाच्या गोळीने हातात काही नसलेला माणूस मेला, तर तपास पोलीस खात्याकडे नको. आणि खटल्याला सरकारची परवानगी लागतेच, तर नव्या कायद्यातली 120 दिवसांची मुदत काटेकोर पाळा.

खाकीचा_लेक

वडील एसआरपीत 29 वर्षं होते, तेव्हा माझं मत एकतर्फी वाटेल. वाटू दे.

हातात काही नव्हतं म्हणता, पण दगडानेही डोकं फुटतं. 2006 मध्ये भिवंडीत जमावाने दोन शिपायांना जिवे मारलं, त्यांची नावं इथे किती जणांना आठवतात? 2012 मध्ये आझाद मैदानात गाड्या जाळल्या, महिला शिपायांच्या अंगावर हात टाकले. आयुक्तांनी माथी भडकू दिली नाहीत, मोठा रक्तपात टाळला. काय मिळालं? मोर्चे निघाले आणि काही दिवसांत बदली. म्हणजे गोळी घातली तर जन्मठेप, संयम पाळला तर नामुष्की. गाडीतून उतरलेल्या मूठभर जवानांनी करायचं काय? रमाबाई नगरच्या वेळी तर जमाव गॅसचे टँकर पेटवणार असल्याचंही पोलिसांनी सांगितलं होतं.

पंतनगरकर

टँकरची गोष्ट आयोगापुढे टिकली नाही. ती अजून लोकांच्या तोंडी आहे याचंच मला नवल वाटतं.

भिवंडीच्या शिपायांबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण त्यांना मारणाऱ्यांवर खटला भरताना कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. मी मागतोय ते एवढंच.

सातबारा_मावळ

आमच्याकडचं कोणी काढणार नाही म्हणून मीच काढतो. 9 ऑगस्ट 2011, पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर, मावळात बऊरजवळ. पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायचं ठरलं, शेतकरी रस्त्यावर आले. पोलिसांच्या गोळीबारात तीन जण गेले, त्यात एक बाई. चुलते त्या गर्दीत होते. पळताना पायातली एक वहाण गेली, दुसरी तेवढी घरी आली. आजीने ती कित्येक महिने ओट्याखालून हलवू दिली नाही. उभ्या गाड्यांच्या काचा पोलीस फोडताहेत हे टीव्हीवर अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं. गाडीची काच पेटवते का हो टँकर?

आता दर निवडणुकीला सगळ्या पक्षांना मावळचा गोळीबार आठवतो. मधली पाच वर्षं सगळे झोपलेले.

काळाकोट

कायद्याचं सांगतो. चौकशी आयोग 1952 च्या कायद्याने नेमतात. त्याचा निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतो, त्यावरून कोणाला शिक्षाही होत नाही. सरकारी कर्मचाऱ्यावर कामाच्या ओघातल्या कृत्यासाठी खटला भरायला आधी मंजुरी लागते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 197, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 218. चकमकीतल्या मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये महाराष्ट्राच्याच प्रकरणात नियम घालून दिले. गुन्हा नोंदवा, तपास सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या, दंडाधिकाऱ्यांची चौकशी करा. पण ते चकमकीपुरतं. मोर्चावर गोळीबार झाला की आपण पुन्हा आयोगाची वाट बघत बसतो.

फोर्टातला_कारकून

रोज हुतात्मा चौकातून जातो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पोलिसांच्या गोळ्यांनी मेले त्यांना 1 मे रोजी मुख्यमंत्री स्वतः अभिवादन करतात. तेव्हाही सरकारी भाषेत तो हिंसक जमावच होता.

खाकीचा_लेक

ती तुलना ओढूनताणून आहे. पण असो.

काळाकोट यांचं पटतं, तरी माझी मेख वेगळी आहे. बारा वर्षांनी शिक्षा कोणाला? एका फौजदाराला. पुतळ्यापाशी रात्री पहारा का नव्हता, दंगल उसळेल हे ठाऊक असताना वरिष्ठ कुठे होते, त्या तुकडीला काय सांगून पाठवलं, हे कोणाला विचारलं? तुमचा स्वतंत्र तपास पुन्हा तळाच्याच माणसापाशी थांबणार असेल तर मला तो नको.

सातबारा_मावळ

हे मात्र बरोबर बोललात. आमच्याकडेही वरच्याला धक्का लागला नाही.

पंतनगरकर

मग वरपर्यंत जाऊ द्या की! मी कुठे फौजदारापाशी थांबा म्हणालो? पण वर जायचं तर हुकुमाचा कागद हवा. गोळीबाराचा हुकूम कोणी, किती वाजता दिला, ते लिहिलेलं असतं का?

खाकीचा_लेक

वडिलांना आत्ताच विचारलं. म्हणाले, हुकूम तोंडीच येतो, लिहिणं मागाहून. पण काडतुसं मोजून मिळतात आणि मोजूनच परत द्यावी लागतात. रिकाम्या पुंगळ्यासुद्धा. त्यांच्या एका साथीदाराची सरावाच्या मैदानावर एक पुंगळी हरवली होती, संध्याकाळपर्यंत अख्खी पलटण गवतात शोधत होती.

पंतनगरकर

त्या दिवशीच्या पुंगळ्यांची नोंद कुठे असेल? माहिती अधिकारात अर्ज टाकून बघितलाय का कोणी?