'कंडिशनल यूज' आणि 'व्हेरियन्स': मराठीत काय लिहावं?

एडिसनकर: इथे न्यू जर्सीत आमच्या मंडळाला रविवारच्या मराठी शाळेसाठी निवासी झोनमधलं एक घर घ्यायचंय. सभासदांसाठी मराठीत टिपण लिहिताना मी 'कंडिशनल यूज' आणि 'व्हेरियन्स' या दोन्ही अर्जांना 'विशेष परवानगी' म्हटलं. आमच्या वकीलबाईंनी ते खोडलं. गोष्टी दोन आहेत म्हणाल्या. 'सशर्त परवानगी' आणि 'सूट' चालेल का?

नकाशावाला: 'सशर्त' पुरेसं नाही. व्हेरियन्स देतानाही गावाचं झोनिंग बोर्ड अटी घालतंच. खरा फरक वेगळा आहे. त्या झोनमध्ये शाळा, प्रार्थनास्थळ, पेट्रोल पंप अमुक निकष पाळून चालतील असं नियमातच लिहिलेलं असतं, तो कंडिशनल यूज. तुम्ही नियमाच्या आतच असता. व्हेरियन्स मागता तेव्हा तो नियम तुमच्या प्लॉटपुरता बाजूला ठेवा म्हणता. प्लॉट त्रिकोणी आहे, चढावर आहे, हद्दीपासून सामासिक अंतर मोकळं सोडलं तर घरच बसत नाही, अशी अडचण जमिनीतूनच यावी लागते. मालकाची पैशाची तंगी किंवा त्याने स्वतः ओढवून घेतलेली अडचण त्यात धरत नाहीत.

मायबोलीप्रेमी: मग सरळ 'मुभा' आणि 'अपवाद' म्हणा. 'व्हेरियन्स' कशाला देवनागरीत घुसवायचं?

नकाशावाला: 'अपवाद' तर मुळीच नको! 1920च्या दशकात अमेरिकी वाणिज्य खात्याने राज्यांसाठी झोनिंगचा नमुना कायदा काढला, त्यात 'स्पेशल एक्सेप्शन' आणि 'व्हेरियन्स' दोन्ही एकाच बोर्डाकडे दिले. काही राज्यांत आजही कंडिशनल यूजलाच स्पेशल एक्सेप्शन म्हणतात. तुमचं भाषांतर तिथे बरोबर उलटं वाचलं जाईल.

दादर पश्चिम: आणि 'मुभा' अरबी 'मुबाह'वरून आलाय, तेव्हा शुद्धतेचा आग्रह त्याच्यासाठी नको. मला तो आवडतो, पण मराठी झाला म्हणून. व्हेरियन्ससाठी आपल्याकडे 'शिथिलता' आहेच. मुंबईच्या 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम 64(ब) होता. अडचण स्पष्ट दाखवता आली तर आयुक्त मोजमापं शिथिल करू शकत, आरोग्य आणि सुरक्षेला धक्का न लावता. वडील वास्तुविशारद होते. त्यांच्या तोंडी 'हार्डशिप' आणि 'शिथिलता' हे शब्द जोडीनेच असत.

सॅन होजे: शिथिलता पटतं, कारण ती मोजमापांची. कॅलिफोर्नियात राज्याच्या कायद्याप्रमाणे व्हेरियन्सने सहसा वापर बदलता येत नाही. उंची, अंतर, पार्किंग एवढंच.

एडिसनकर: न्यू जर्सीत येतो! त्याला इथे 'डी व्हेरियन्स' म्हणतात आणि सात जणांच्या बोर्डात पाच मतं लागतात. कंडिशनल यूजचा एखादा निकष चुकला तरी अर्ज तिकडेच जातो. म्हणजे पार्किंगचा निकष चुकला तर आमची शाळाही 'शिथिलते'च्या रांगेत.

मायबोलीप्रेमी: तरी वापराला 'शिथिल' कसं म्हणणार? शिथिल होतो तो नियम. 'नियमशिथिली' करा.

दादर पश्चिम: 'नियमशिथिली' कुठल्या सभासदाला कळेल? लोक बोलतात तेच लिहावं. 'नियम शिथिल करून मिळालेली परवानगी' लांब आहे, पण आजीलाही समजेल.

मायबोलीप्रेमी: लोक बोलतात ते लिहायचं तर शब्द घडवायचेच नाहीत का? 'महापौर' हाही कुणीतरी घडवलाच ना?

गणितवाली: व्हेरियन्सला संख्याशास्त्रात 'प्रचरण' म्हणतात, तो इथे चालणार नाही हे उघड आहे. पण वर 'सामासिक अंतर' वाचून अडले. समास म्हणजे द्वंद्व, तत्पुरुष. प्लॉटला समास कुठून आला?

दादर पश्चिम: वहीचा समास! पानाच्या कडेला सोडतो तो. तसंच इमारतीच्या कडेने.

गणितवाली: पण 'सम् + अस्' म्हणजे एकत्र आणणं. मग मोकळ्या सोडलेल्या कडेला तो शब्द का? पोथ्यांच्या हस्तलिखितांत असा वापर कुणी पाहिलाय का?

मायबोलीप्रेमी: दासबोधात 'समास' म्हणजे प्रकरण. कडेचा अर्थ नंतरचा असावा, शाळेच्या वह्यांपासूनचा.

नकाशावाला: शाळेच्या वह्यांपासूनचा नसावा. कचेरीच्या दप्तरातल्या कागदांना समास त्याआधीही सोडत असणारच, शेरे लिहायचे कुठे?