मांजराच्या पिल्लाला पाहुण्यांची सवय कशी लावू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. पिल्लू साधारण 7 आठवड्यांचं आहे. घरच्यांच्या मांडीवर निवांत झोपतं, पण बेल वाजली की थेट तिजोरीखाली! कान मागं, शेपटी फुगलेली. 2 ते 7 आठवड्यांत लागलेली सवय पक्की बसते म्हणतात, म्हणून जीवाला घोर लागलाय.

पाहुण्यांना जमिनीवर बसवून हातावर उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा देतो. ते आपणहून आलं तरच कुरवाळायचं. ओढून बाहेर काढणं मला अजिबात पटत नाही.

खरी काळजी गणपतीतल्या ढोल-ताशाची. मोबाईलवर तो आवाज अगदी बारीक लावून, खाऊ देत हळूहळू वाढवावा का? रोज किती वेळ? आणि ताईची लहान मुलं येणार आहेत, आधी त्यांना काय शिकवू? लसीकरण पूर्ण होईपर्यंत बाहेरच्या मांजरांपासून लांबच ठेवणार आहे. अनुभवी लोकांनी प्लीज सांगा.