एलव्हॅडचा (थकलेल्या हृदयाला मदत करायला शरीरात बसवलेला पंप) पेशंट बेशुद्ध, नाडी लागत नाही. छाती दाबायची का?

कॅज्युअल्टी_ड्यूटी: हार्टमेट ३ (एलव्हॅडचंच एक मॉडेल) बसवलेला पेशंट बेशुद्ध आला आणि गळ्यालाही नाडी लागत नाही, तर हे पंपामुळे की अरेस्टमुळे (रक्ताभिसरण थांबल्यामुळे), कसं ओळखायचं? छाती दाबली तर कॅन्युला (हृदयातून पंपात रक्त नेणारी नळी) निसटते असं शिकवलेलं. अजून तसंच मानतात का?

आयसीयू_नाइट: नाडी विसरा. पंप रक्त सलग ढकलतो, त्यामुळे गप्पा मारणाऱ्या पेशंटलाही ती लागत नाही. ऑटोमॅटिक बीपी आणि ऑक्सिमीटरही दगा देतात. त्वचेचा रंग आणि श्वास बघा, नख दाबून सोडल्यावर लाली किती वेळात परतते ते बघा. स्टेथोस्कोप डाव्या छातीखाली लावला की सलग गुणगुण ऐकू येते. पण त्यातून पंप फिरतोय एवढंच कळतं, रक्त पुरतंय की नाही ते नाही. बीपी डॉप्लरने (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) घ्या: पट्टा सोडताना पहिला आवाज येतो तो आकडा साधारण मीन, म्हणजे सरासरी बीपी, धरा. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१७ च्या निवेदनातल्या रेषा: मीन ५०, आणि श्वासनलिकेतली ट्यूब नीट बसलेली असेल तर एंड-टायडल (श्वास सोडताना शेवटी मोजलेला कार्बन डायऑक्साइड) २०. त्याखाली असेल तर दाबा.

परफ्यूजन_टेक: कॅन्युलाच्या भीतीने हात आखडू नका, मेंदू तेवढा वेळ थांबत नाही. त्याच संस्थेच्या २०२५ च्या शिफारशींचा कलही असाच: एकाने लगेच दाबायला घ्यावं, दुसऱ्याने यंत्र बघावं. पोटातून येणारी ड्राइव्हलाइन (पंपाची केबल) कंट्रोलरमध्ये (पंप चालवणारा, शरीराबाहेरचा डबा) पक्की आहे ना? पांढरी आणि काळी, दोन्ही पॉवर केबल लागल्यात ना? बॅटरी बदलायची तर एका वेळी एकच. दोन्ही सुटल्या तर कंट्रोलरमधली बॅटरी जेमतेम १५ मिनिटं पुरते. सगळं जोडूनही पंप बंदच असेल तर पेशंटच्या पिशवीतला स्पेअर कंट्रोलर लावा. पंप किती वेळ बंद होता हे घरच्यांना विचाराच. फार वेळ झाला असेल तर आत गुठळी झालेली असू शकते, आणि पंप सुरू होताच ती मेंदूकडे जाऊ शकते.

कॅज्युअल्टी_ड्यूटी: मॉनिटरवर व्हीएफ (हृदयाची नुसती थरथर) दिसलं तर?

आयसीयू_नाइट: नेहमीच्याच ऊर्जेने शॉक द्या. पॅड पंपावर येऊ देऊ नका, कंट्रोलर जोडलेलाच ठेवा. पेशंट व्हीएफमध्येही शुद्धीवर असू शकतो, तेव्हा आधी सिडेशन (गुंगीचं औषध). कपडे कापताना कात्री पोटाजवळ जपून, ड्राइव्हलाइन कापली तर पंपच बंद. पंपाचा फ्लो कमी दिसला तर रक्तस्राव, टॅम्पोनाड (हृदयाभोवती रक्त साठून त्यावर दाब येणं), उजवं व्हेंट्रिकल (हृदयाचा उजवा खालचा कप्पा) थकणं, हे डोक्यात ठेवा. नायट्रोग्लिसरीन नको, पंपाला भरायला रक्त लागतं.

आणि पंप गुणगुणतोय, मीन ७० आहे, तरी बेशुद्ध? शुगर बघा, मग डोक्याचा सीटी. हे पेशंट वॉरफरिनवर (रक्त पातळ करणारं औषध) असतात, म्हणून डोक्यात रक्तस्राव झालेला असू शकतो.